सांगली ते चियांग माई : निवृत्तीच्या घराचा शोध

फाल्गुनात सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक भरात असते. सकाळपासून पोती उतरतात, सौद्यांच्या वेळी अडत्यांची आणि खरेदीदारांची गर्दी होते, आणि संध्याकाळपर्यंत अंगावरच्या पांढऱ्या सदऱ्याला पिवळी छटा चढते. या हंगामात ४२ वर्षांत अण्णांनी कधी गाव सोडले नव्हते. त्या वर्षीच्या फाल्गुनात मात्र ते पत्नीसह, म्हणजे घरातल्या सर्वांच्या माईंसह, बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरले.

कारण साधे होते. अडत दुकान पुतण्याच्या हाती सोपवून दोन वर्षे झाली होती. अण्णांचे वय ६७, माईंचे ६३. अण्णांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवून तीन वर्षे लोटली होती. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला स्थायिक झाला होता, मुलगी बँकॉकला. जावई रंगीत रत्नांच्या व्यापारात. चौकाचे जुने घर दोन माणसांना मोठे वाटू लागले होते. मुलगी एकदा फोनवर सहज म्हणाली, "अण्णा, आता तिथं तुमचं काय अडकलंय? इकडंच या की!" माईंनी ते हसण्यावारी नेले. अण्णांनी वहीत उतरवून घेतले.

माल डोळ्यांनी पाहिल्याखेरीज सौदा ठरवायचा नाही, हा आयुष्यभराचा नियम त्यांनी येथेही लावला. पंधरा दिवसांचा प्रवास आखला: पहिला आठवडा बँकॉकला मुलीकडे आणि दुसरा उत्तरेकडील चियांग माई या शहरात. बँकॉकच्या मानाने तेथे गर्दी कमी, भाडी कमी आणि जगभरातून आलेल्या निवृत्त लोकांची वस्ती मोठी, असे जावयाने सांगितले होते.

मुंबईहून बँकॉक विमानाने साडेचार तासांच्या आत येते. घड्याळ दीड तासाने पुढे करावे लागते. सांगलीहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायला याहून अधिक वेळ लागतो, हे अण्णांनी पहिल्याच दिवशी बोलून दाखवले. परका देश तितकासा परका वाटू नये अशा खुणाही जागोजागी होत्या. विमानतळाच्या नावातली सुवर्णभूमी ओळखीची होती. शहराला थाई भाषेत 'नखोन' म्हणतात, त्यात आपले 'नगर' ऐकू येत होते. दिनदर्शिकेवरचे वर्ष मात्र ५४३ ने पुढे होते, कारण तेथे बुद्धाब्द चालते.

जावयाचे कार्यालय सिलोम रस्त्याजवळ, महेसक भागात होते. रंगीत रत्नांच्या जागतिक व्यापारात या परिसराला मोठे स्थान आहे. थायलंडच्या आग्नेयेकडील चांथाबुरी हा प्रांत एके काळी माणिक आणि नीलम यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध होता. पुढे खाणी आटल्या, परंतु खडा तापवून त्याचा रंग खुलवण्याची आणि पैलू पाडण्याची विद्या तेथील कारागिरांच्या हाती राहिली. म्हणून श्रीलंका, म्यानमार आणि आफ्रिकेतील खाणींचा कच्चा माल आजही तेथे येतो, आणि त्यामागे जयपूर, मुंबई, सुरतचे व्यापारीही आले. त्यांत जैन कुटुंबे बरीच. दुकानाच्या काचेमागे छोट्या चिमट्याने खडा उचलून उजेडाकडे धरणारा तरुण पाहून अण्णांना हळकुंड मोडून आतला रंग पाहणारे आपले वडील आठवले.

याच परिसरात जैन मंदिर आहे. माईंच्या दृष्टीने बँकॉकची खरी ओळख तेथे झाली. देवदर्शनाखेरीज सकाळी अन्न घ्यायचे नाही, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. सांगलीत मंदिर घरापासून शंभर पावलांवर. बँकॉकात मुलीच्या घरापासून उन्नत रेल्वेने आणि नंतर पायी, सकाळच्या गर्दीत तासभर. मंदिर श्वेतांबर आम्नायाचे. मूर्तीची आंगी, डोळे, पूजेची पद्धत सारे दिगंबर घरात वाढलेल्या माईंना निराळे. त्या क्षणभर थबकल्या. मग हात जोडले आणि णमोकार मंत्र म्हटला. तो तर तोच होता.

तेथे भेटलेल्या एका वृद्ध श्राविकेशी माईंचे बोलणे झाले. साधू-साध्वींचा विहार पायी असतो, त्यामुळे मुनिराजांचे चरण समुद्रापलीकडे लागत नाहीत. तेरापंथ परंपरेत १९८० साली समण श्रेणी सुरू झाली. त्या श्रेणीतील समणींना वाहनाने प्रवासाची मुभा असल्याने त्या परदेशी जाऊ शकतात. पण सांगलीच्या दिगंबर घराला हवा असतो तो चातुर्मासातला चौका, दारी मुनींचे पडगाहन आणि आपल्या हातचा आहार. माई मुलीला म्हणाल्या, "तुझ्याकडं सगळं आहे गं. पण चार महिने चौका लावायचा तो कुठं?" मुलीजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि तिने खोटे उत्तर दिले नाही.

जेवणाचा प्रश्न मात्र माईंच्या अपेक्षेपेक्षा सुटसुटीत निघाला. थाई स्वयंपाकात 'नाम प्ला' हा माशांपासून केलेला रस जवळजवळ सर्वत्र असतो, त्यामुळे नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही. शाकाहाराला तेथे 'मांगसविरत' म्हणतात. शब्द ऐकताच अण्णा म्हणाले, "अगं, हा तर मांसविरत!" परंतु त्या शब्दात कांदा, लसूण आणि अनेकदा अंडेही बसते. चिनी वंशाच्या लोकांनी रुजवलेली दुसरी पद्धत आहे तिचे नाव 'जे'. नवव्या चांद्र महिन्यात, साधारण ऑक्टोबराच्या आसपास, नऊ दिवस हे व्रत पाळले जाते. त्यात मांस, मासे, अंडी आणि दूध तर वर्ज्यच, शिवाय लसूण आणि कांद्याच्या जातीच्या भाज्याही वर्ज्य. पिवळ्या निशाणावर लाल अक्षर असलेली दुकाने त्या दिवसांत गल्लोगल्ली दिसतात, आणि काही खाणावळी वर्षभर याच पद्धतीचे अन्न देतात. कांदा-लसणाशिवायचे जेवण परक्या देशात एका अक्षराच्या शब्दाने मागता येते, हे माईंना मोठे नवल वाटले. अर्थात मुळा, गाजर, अरवी त्या ताटात असतेच. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

आणखी एक साम्य मुलीने दाखवले. तेथील बौद्ध भिक्षू आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एकाच विहारात राहतात. या वर्षावासाला 'फान्सा' म्हणतात. चांद्र महिन्यातल्या अष्टमीला आणि पौर्णिमा-अमावास्येला 'वान फ्रा', म्हणजे पवित्र दिवस, मानला जातो. पहाटे अनवाणी भिक्षू पात्र घेऊन निघतात आणि गृहिणी दारात अन्न घेऊन उभ्या असतात. माई दुसऱ्या मजल्याच्या सज्जातून ते दृश्य रोज पाहत. धर्म वेगळा आणि आहारही वेगळा, तरी दारात अन्न घेऊन वाट पाहणाऱ्या बाईची मुद्रा त्यांना ओळखीची वाटे.

दरम्यान अण्णांनी जावयाच्या मेजावर बसून हिशेब मांडला. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी व्यक्तीला थायलंडमध्ये निवृत्त म्हणून राहण्यासाठी एक वर्षाचा व्हिसा मिळू शकतो. त्यासाठी बँकेत आठ लाख बाट ठेव, किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाला आठ लाखांची भर दाखवावी लागते. बाट अडीच ते पावणेतीन रुपयांच्या दरम्यान धरला तर ही रक्कम २० ते २२ लाख रुपये होते. पत्नीला पतीवर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून राहता येते. 'सांगलीतल्या एका बऱ्या फ्लॅटपेक्षा कमी!' अण्णांनी वहीत शेरा मारला.

मात्र पुढच्या पानावर अटी वाढत गेल्या. ठेव मोडून खर्च करता येत नाही. तिथल्या तिथे वार्षिक मुदतवाढ घेताना आठ लाख अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने खात्यात असावे लागतात, आणि एरवीही शिल्लक चार लाखांखाली जाऊ द्यायची नसते. दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशन कार्यालयाला कळवायचा. मध्येच भारतात यायचे तर आधी पुनःप्रवेशाचा परवाना घ्यायचा, नाहीतर व्हिसाच रद्द होतो. नोकरी करायची नाही. जावयाच्या दुकानात गल्ल्यावर बसणेही नियमात बसत नाही, हे कळल्यावर अण्णा जरा खट्टू झाले. काही देशांच्या नागरिकांसाठी दहा वर्षांपर्यंत मुक्कामाची सोय आहे. त्या यादीत भारत नाही.

भारताच्या बाजूचा हिशेब निराळा. निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, त्यामुळे ठेवीच्या रकमेची अडचण नव्हती. अडचण पुढे होती. प्राप्तिकर कायदा प्रामुख्याने भारतात काढलेले दिवस मोजतो. परकीय चलनाचा कायदा माणूस कोणत्या हेतूने गेला तेही पाहतो. कायम वास्तव्यासाठी गेले की येथील बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे नवे खाते अनिवासी व्यक्तीला उघडता येत नाही. शेतजमीन असेल ती ठेवता येते, पण नवी विकत घेता येत नाही. थायलंडमध्येही वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहणारा करासाठी तेथील निवासी ठरतो, आणि २०२४ पासूनचे परदेशी उत्पन्न त्या देशात आणले तर ते करपात्र होऊ शकते. जावई म्हणाला, "अण्णा, दोन्हीकडच्या करसल्लागाराला एकदा बसवून विचारलं पाहिजे." अण्णांनी ते लिहून घेतले आणि खाली रेघ ओढली.

सर्वांत जड बाब एका ओळीची होती. भारतातून काढायच्या निवृत्तीच्या व्हिसासाठी २०१९ पासून आरोग्यविमा सक्तीचा आहे, आणि पुढे विम्याची किमान रक्कम ३० लाख बाटपर्यंत वाढवली गेली. अण्णांनी विमा विकणाऱ्याकडे चौकशी केली. हप्ता वयाप्रमाणे मोठा होताच, पण हृदयाचा आजार आधीपासूनचा म्हणून त्याच्याशी संबंधित उपचार वगळले जाणार होते. भारतातील त्यांचा विमा भारताबाहेरच्या उपचाराला लागू नव्हता. म्हणजे ज्या दुखण्याची भीती, नेमके तेच दोन्ही छत्र्यांच्या बाहेर. बँकॉकची खासगी रुग्णालये उत्तम आहेत आणि जगभरातून रुग्ण तेथे येतात. त्यांची बिलेही त्याच तोलामोलाची असतात.

आठव्या दिवशी संध्याकाळी दोघे चियांग माईच्या गाडीत बसले. हा लोहमार्ग ७५१ किलोमीटरचा. रात्रीची शयनयान गाडी, बर्थ स्वच्छ, पांघरुणे पुरेशी. माईंनी सूर्यास्तापूर्वीच फलाटावर दशम्या आणि चटणी उरकून घेतली. थायलंड विषुववृत्ताच्या बराच जवळ असल्याने तेथे बारा महिने सूर्य साधारण पावणेसहा ते सातच्या दरम्यान मावळतो, त्यामुळे जेवणाची वेळ फारशी हलत नाही, ही एक सोय त्यांच्या ध्यानात आली होती. नव्या शहरांतली मौज मात्र सूर्यास्तानंतरच सुरू होते. रात्रीच्या बाजारातल्या खाऊच्या गाड्या लागतात तेव्हा माईंचे ताट आवरलेले असे.

पहाटे गाडी १,३०० मीटरहून लांब असलेल्या खुन तानच्या बोगद्यातून बाहेर आली. माई खिडकीशी बसल्या होत्या. डोंगर दिसायला हवे होते. दिसत होता एक करडा पडदा आणि त्यामागे तांबूस सूर्य. "धुकं आहे," अण्णा म्हणाले. माईंनी नाकाला पदर लावला. "धुकं नाही हो. जळण्याचा वास येतोय."

चियांग माई हे नाव 'नवे नगर' या अर्थाचे. राजा मंगराय याने १२९६ साली हे शहर वसवले. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आजही पाण्याने भरलेला आहे. विटांच्या तटाचे अवशेष आणि डागडुजी केलेले दरवाजे उभे आहेत. आत शेकडो वर्षांचे विहार, लाकडी छपरे, नाग कोरलेले जिने आणि फुलझाडांनी झाकलेल्या अरुंद गल्ल्या. वॉट चेदी लुआंगचा भग्न विटांचा स्तूप पाहताना अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. लोक सौम्य, हात जोडून नमस्कार करणारे. पूर्वेकडच्या था फे दरवाज्यापासून रविवारी संध्याकाळी पायी फिरण्याचा बाजार भरतो. विणलेल्या पिशव्या, चांदीकाम, कागदी छत्र्या यांची तेथे रांग लागते. पिंग नदीजवळच्या वारोरोट बाजारात अण्णांना हळद सापडली. त्यांनी हळकुंड मोडून पाहिले, मान हलवली आणि विक्रेतीला न समजणाऱ्या मराठीत म्हणाले, "आमच्या राजापुरीची सर नाही." ती हसली आणि तिने त्यांना एक हळकुंड फुकट दिले.

घरे पाहण्याचे काम दलालीण बाईंनी मनापासून केले. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन विकत घेता येत नाही. कायद्यानुसार एका निवासी इमारतीच्या एकूण क्षेत्रापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते, आणि त्या खरेदीचे पैसे परकीय चलनाच्या रूपाने देशात आल्याचा पुरावा लागतो. अन्यथा भाडेपट्टा, तोही एका वेळी जास्तीत जास्त ३० वर्षांचा. आठव्या मजल्यावरचे एक घर माईंना आवडले. स्वयंपाकघर उजेडाचे, शेजारी शांत. माहितीपत्रकावरील छायाचित्रात त्या घराच्या सज्जातून डोई सुथेप हा १,६७६ मीटर उंचीचा डोंगर हिरवागार दिसत होता. कुशीत सुप्रसिद्ध विहाराचा सोनेरी स्तूप. प्रत्यक्ष सज्जात उभे राहिल्यावर समोरची दुसरी इमारतच तेवढी दिसली. "डोंगर कुठंय?" अण्णांनी विचारले. बाईंनी बोट दाखवले. "तिथेच आहे. पाऊस पडला की दिसेल."

फेब्रुवारी ते एप्रिल हा उत्तर थायलंडमध्ये धुराचा हंगाम असतो. कापणी झालेल्या शेतांतील, विशेषतः मक्याच्या रानातील, अवशेष पेटवले जातात. कोरड्या जंगलांत आगी लागतात. शेजारच्या देशांतील आगींचा धूरही वाऱ्याने येतो. शहर डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात असल्यामुळे तो तेथेच कोंडतो. या काळात काही दिवस चियांग माईचे नाव जगातील सर्वाधिक प्रदूषित शहरांच्या यादीत अगदी वर जाते. स्टेंट बसवलेल्या माणसाने अशा हवेत फिरू नये, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. दलालीण बाईंनीही काही लपवले नाही. म्हणाल्या, "नोव्हेंबर ते जानेवारी इथे स्वर्ग. ज्यांना जमतं ते धुराच्या महिन्यांत दुसरीकडे जातात." पाच दिवस ती दोघे तेथे राहिली. पाचही दिवस डोंगर दिसला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी खंदकाकाठच्या बाकावर एक गृहस्थ भेटले. तोंडाला मुखपट्टी, हातात जपमाळ. मूळ जयपूरचे, वय ७६, बँकॉकमध्ये अनेक वर्षे रत्नांचा व्यापार करून निवृत्तीनंतर पत्नीसह चियांग माईला आलेले. पत्नी दीड वर्षापूर्वी गेल्या. मुलगा अमेरिकेत. अण्णांनी हिंदीत चौकशी सुरू केली, कारण असा माल पारखलेला माणूस त्यांना हवाच होता.

वृद्धाने तक्रारीचा सूर लावला नाही. शहर चांगले, माणसे चांगली, खर्च बेताचा, नदीकाठी फिरायला जागा. "आठ वर्षं सुखात गेली," ते म्हणाले. मग खिशातून प्लास्टिकच्या वेष्टणातले एक कार्ड काढून दाखवले. त्यावर थाई लिपीत नाव, रक्तगट, औषधे, शाकाहारी असल्याची नोंद आणि एक दूरध्वनी क्रमांक. अण्णांनी विचारले, "हा मुलाचा नंबर?" वृद्ध म्हणाले, "नाही. इमारतीच्या रखवालदाराचा. मुलाकडे त्या वेळी रात्र असते." पत्नीला मध्यरात्री त्रास झाला तेव्हा याच रखवालदाराने गाडी मिळवली आणि सकाळपर्यंत रुग्णालयातल्या बाकावर तो बसून राहिला. थाई लोकांत दहनाचीच रीत आहे, त्यामुळे अंत्यसंस्काराला अडचण आली नाही. विहाराच्या आवारातील दाहगृहात सारे व्यवस्थित झाले. रखवालदार आणि दोन शेजारी आले होते. "णमोकार मी एकटाच म्हणत होतो," वृद्ध म्हणाले. "त्यांनी हात जोडले होते. शब्द येत नव्हते त्यांना. पण उभे होते."

काही वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णांनी व्यापाऱ्याला शोभेल असा सरळ प्रश्न केला, "आता परत का जात नाही?" वृद्धाने तितकेच सरळ उत्तर दिले, "जायला तिकडे घर हवं ना. इकडे येताना विकून टाकलं. वाटलं, बंद घर कशाला सांभाळायचं. भावंडांनी आपापलं बघितलं. आता जयपुरात उतरलो तर हॉटेलातच उतरावं लागेल." पत्नीच्या नावावरचे बँक खाते न्यायालयाने वारसाव्यवस्थापक नेमेपर्यंत गोठले होते, त्यात महिने गेले. तेथील मालमत्तेसाठी तेथल्या पद्धतीने वेगळे मृत्युपत्र करून ठेवा, हा त्यांचा दुसरा सल्ला. पहिला सल्ला त्यांनी उच्चारला नाही. तो अण्णांना न सांगता कळला होता.

परतीच्या रेल्वेत अण्णांनी वही उघडली. डाव्या बाजूला जमा, उजवीकडे खर्च. जमा बाजूला मुलीचा सहवास, सौम्य माणसे, स्वस्त भाडे, हिवाळ्याची हवा. खर्चाच्या बाजूला विमा, धूर, ९० दिवसांची हजेरी, दोन देशांचा कर. बेरीज काही केल्या जुळेना. माईंनी चष्मा लावला आणि वही आपल्याकडे ओढली. म्हणाल्या, "अहो, दुकान आहे का हे, एकदा घेतलं की घेतलं? आपल्या श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे आणि देशव्रतही आहे. एक जन्माची मर्यादा, दुसरी ठरावीक काळाची. सगळा जन्म इकडं आणायचा कशाला? ठरावीक दिवस या." अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले. ४२ वर्षांच्या व्यापारात इतका नेमका तोडगा त्यांच्या वहीत क्वचितच उतरला होता.

मग सारे भराभर सुटले. निवृत्तीचा व्हिसा नको, म्हणून ठेव नको. घर विकत घ्यायचे नाही, भाड्याने घ्यायचे. चातुर्मास सांगलीत, चौक्यासह. दिवाळी घरी. मार्गशीर्षात निघायचे आणि माघात, डोंगर धुरात बुडण्यापूर्वी परतायचे. २०२४ च्या जुलैपासून भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी ६० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहण्याची मुभा मिळाली होती. असे नियम वरचेवर बदलतात, म्हणून दर वेळी तिकिटापूर्वी दूतावासाकडून खात्री करायची. प्रवासापुरता विमा घ्यायचा आणि आधीच्या आजाराबद्दल विमा कंपनीने काय मान्य केले ते लेखी घ्यायचे. हृदयाच्या डॉक्टरांचा अहवाल इंग्रजीत करून जवळ ठेवायचा. दुहेरी कराचा आणि बदललेल्या खात्यांचा प्रश्नच उरत नव्हता.

बँकॉकला मुलीने दार उघडताच विचारले, "मग, ठरलं?" अण्णा म्हणाले, "ठरलं. दोन महिने येतो." मुलीचा चेहरा किंचित पडला. "दोनच?" माई आत जाता जाता म्हणाल्या, "दोन महिने आम्ही येतो, महिनाभर तू पोरांना घेऊन ये. म्हणजे त्यांना मराठी पण येईल."

सांगलीला परतल्यावर अण्णांनी तीन कामे केली. घर विकण्याबाबत एका दलालाशी जे अर्धवट बोलणे झाले होते, ते मोडले. मृत्युपत्र लिहून नोंदवले. तिसरे काम घराचे: पहिल्या मजल्यावरची खोली दुरुस्त करून महाविद्यालयात शिकणाऱ्या नात्यातल्या एका मुलाला राहायला दिली. दोन महिने घर बंद राहणार नव्हते, आणि उरलेले दहा महिने ते दोन माणसांना मोठे वाटणार नव्हते.

मार्गशीर्षात दोघे पुन्हा निघाले. बँकॉकला मुलीकडे दोन आठवडे राहून त्यांनी चियांग माईला सहा आठवड्यांसाठी घर घेतले, सहाव्या मजल्यावर, साधे. माईंनी कपाटावर तसबीर मांडली. मंदिर नसेल त्या गावी तिच्या दर्शनाने नेम पुरा करायचा, असे त्यांनी निघण्यापूर्वीच मनाशी ठरवले होते. पहाटे गारठा होता, अंगावर शाल घ्यावी लागत होती. पहिल्या दिवशी सज्जाचे दार उघडले तेव्हा समोर डोई सुथेप पायथ्यापासून माथ्यापर्यंत स्वच्छ दिसत होता, स्तूपावर कोवळे ऊन पडले होते.

खंदकाकाठच्या बाकावर जयपूरचे गृहस्थ त्याच जागी भेटले. अण्णांनी आता स्वतःसाठीही तसेच कार्ड करून घेतले होते. थाई अक्षरे मुलीने लिहून दिली होती आणि खाली तिचा क्रमांक होता. वृद्धाने ते हातात घेऊन निरखले, चांगले झाले म्हणाले. दुसऱ्या दिवशी माईंनी त्यांना जेवायला बोलावले, सूर्यास्तापूर्वी, भाकरी आणि मुगाची आमटी. जेवण झाल्यावर त्यांनी आपले जुने कार्ड काढून मेजावर ठेवले. अण्णांनी पेन उघडले आणि रखवालदाराच्या क्रमांकाखाली, उरलेल्या जागेत, मुलीचा बँकॉकचा क्रमांक लिहून दिला.